तीन वाटांनी गेलेल्या बरण्या

माझ्या लेकीला दुसऱ्या खेपेला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. एकाला झोपवावं तर दुसऱ्याने डोळे उघडावे, असं तिचं तिकडे चाललं होतं. इकडे आमच्या घरात जुळं नव्हतं, तरी झोप कोणालाच नव्हती. आमच्या बरण्या फुटत होत्या.

आम्ही कुंभार. माझे मालक गेल्यापासून चाकावर माझा मुलगा बसतो. माती मळणं आणि झाकणं जुळवणं माझ्याकडे. भट्टी पेटवायची ती माझ्या थोरल्या दिरांना विचारून. भावजींनी लग्न केलं नाही. आयुष्य भट्टीजवळ काढलं. गुडघे गेले तेव्हा त्यांनी चाक सोडलं आणि बांधाबांध स्वतःकडे घेतली. मागच्या शेडमध्ये पेंढ्याच्या ढिगाला टेकून बसायचे आणि एकेक बरणी अशी गुंडाळायचे की बाळंतिणीने बाळ गुंडाळावं. त्यांचं एकच बोलणं होतं, "माझ्या हातून बांधलेला माल वाटेत फुटला असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय." बैलगाडी होती तेव्हापासून ते हे म्हणत आले होते, आणि ते खरंही होतं.

आमची बरणी मिठाची. जाड पोटाची, रुंद तोंडाची, वर घट्ट बसणारं झाकण. पूर्वी बाजारात मांडून विकायचो. मग लोकांना प्लास्टिकचे डबे आवडायला लागले आणि आम्ही बाजारात बसून एकमेकांचीच तोंडं बघायला लागलो. तेव्हा सुनेने ऑनलाइन दुकान काढलं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी टेबल, टेबलावर जुना कॉम्प्युटर, शेजारी चिकटपट्टीची रिळं. झालं दुकान.

भावजी दारात उभे राहून म्हणाले, "हे कसलं दुकान? याला कुलूप कुठे लावायचं?"

"पासवर्ड असतो, मोठेबाबा," सून म्हणाली. नवऱ्याचं ऐकून तीही त्यांना मोठेबाबाच म्हणते.

"आणि तो हरवला तर?"

"तुमच्या चष्म्यासारखा रोज नाही हरवत."

भावजींनी कपाळावरचा चष्मा हळूच नाकावर ओढला आणि आत गेले.

सुनेने ठरवलं होतं की आपल्या भागाबाहेर माल पाठवायचा नाही. आसपासचे चार-पाच जिल्हे, बस. जिथे आपली माणसं आहेत, जिथली माती सारखी आहे, तिथेच. तेवढ्यापुरता माल पोचवायचा कसा, याचाच तिने फार विचार केला. मुलीला स्थळ बघावं तशी ती कुरिअरवाले बघत होती. बोलायला कसा आहे, वेळ पाळतो का, माल आदळतो का. शेवटी तिने दुकानाच्या पानावर तीन पर्याय ठेवले. एक, घरपोच साधं. दोन, घरपोच जलद. तीन, बसचं पार्सल, म्हणजे गिऱ्हाइकाने आपल्या गावच्या थांब्यावर येऊन न्यायचं. गिऱ्हाइकाने यातला हवा तो निवडायचा. बहुतेक जण साधंच निवडायचे, बसचं तर कोणीच नाही.

उन्हाळाभर दुकान छान चाललं. लोक फोटो पाठवायचे, आमची बरणी त्यांच्या ओट्यावर कशी दिसते त्याचे. मी वाचायला शिकले ते म्हातारपणी, नातीच्या पाटीवर, तेव्हा मला ती वाक्यं बोट ठेवून वाचायला फार आवडायचं. "आईला आवडली." "अजून दोन हव्यात." मी सगळं मोठ्याने वाचायची आणि शेडमधून भावजी ओरडायचे, "बांधली कोणी ते लिहिलंय का?"

पावसाळ्यात भट्टी बंदच असते. पाऊस सरला, हवा गार झाली, आणि तक्रारी सुरू झाल्या.

पहिला फोटो आला तेव्हा आम्ही म्हटलं, असेल एखादी. मग दुसरा आला. मग रोजच यायला लागले. फुटलेलं पोट, फुटलेली कड, नुसतं झाकण शाबूत. सून एकेकाला फोन करून माफी मागायची, दुसरी बरणी पाठवायची, आणि दुसरीही फुटायची. एका बाईने लिहिलं, "बरणी नको, तुकडेच पाठवा, निदान कुंडीच्या तळाशी घालता येतील." मी ते वाचलं आणि त्या दिवशी पुढे काही वाचलं नाही.

कुरिअरचा माणूस माल न्यायला आला तेव्हा मुलाने त्याला दारातच धरला. "काय रे, आमची खोकी काय चेंडू आहेत?"

"दादा, शपथेवर सांगतो, लेकरासारखी नेतो."

"तुझ्या लेकरांची काळजी वाटायला लागलीय मला," मुलगा म्हणाला.

तो बिचारा खोकं दोन्ही हातांनी छातीशी धरून गाडीपर्यंत गेला. आमच्या देखत ठेवलंही अलगद. त्यातली बरणीही फुटली.

सुनेने साधं बंद केलं आणि सगळा माल जलद पाठवायला सुरुवात केली. तिचं म्हणणं, जितका कमी वेळ वाटेत तितका कमी धोका. तरी निम्म्या बरण्या फुटल्याच.

यात आमच्या घराचं काय अडलं होतं तेही सांगते. माझ्या मुलाचा साडू मोठ्या शहरात फरश्यांच्या कारखान्यात मुकादम आहे. त्याने मुलासाठी तिथे जागा धरून ठेवली होती. राहायला खोली, नातीला शाळा, सगळं. पुढच्या वर्षीची शाळा सुरू व्हायच्या आत हो किंवा नाही सांगायचं होतं. साडूही चांगलाच माणूस, पण दर आठवड्याला फोन करायचा आणि फोन ठेवला की मुलगा चाकाशी जाऊन नुसता बसायचा. दुकान चाललं तर ते इथे राहणार होते. नाही चाललं तर जाणार होते, आणि मग भट्टी बंद. मी लेकीकडे गेले असते, जुळ्यांना हात लावायला तिला माणूस हवंच होतं. पण भावजी? त्यांना विचारलं तर म्हणायचे, "मी इथेच. भट्टीला कोणीतरी नको का?" पेटणारच नसलेल्या भट्टीला कोणी कशाला हवं, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. माणसाला पाणी द्यायला घरात दुसरं माणूस असावं लागतं. मला रात्रंदिवस तेच दिसायचं.

शेवटी सून म्हणाली, "आपण आपल्याच माणसाला पाठवून बघू. तिन्ही वाटांनी."

आपलं माणूस म्हणजे माझी लेक. ती दोन जिल्हे पलीकडे राहते. तिला तीन खोकी पाठवायची, तीन पर्यायांनी, आणि तिने फोनवर आमच्यासमोर उघडायची. साधं आणि जलद एकाच दिवशी निघाली. बसची गाडी पार्सल घेते ती ठरावीक दिवशीच, म्हणून तिसरं खोकं दोन दिवसांनी गेलं. त्या दिवशी मुलगा भावजींना डोळे तपासायला घेऊन गेला होता, तेव्हा ते खोकं सुनेनेच भरलं.

तिन्ही पोचल्यावर लेकीने व्हिडिओ फोन लावला. फोन खिडकीत टेकवून ठेवला होता. एक पोरगं तिच्या कडेवर, दुसरं जमिनीवर चिकटपट्टी चघळत.

"अगं, ती काढ त्याच्या तोंडातली," मी म्हटलं.

"आई, तू बरणी बघणार आहेस की माझा संसार?"

पहिलं खोकं उघडलं. तुकडे. दुसरं उघडलं. बरणीला वरपासून खालपर्यंत चीर. बसचं खोकं उघडायला लागली तेव्हा सुनेने माझा हात धरला होता. लेकीने बरणी बाहेर काढली, फिरवली, बोटाने टिचकी मारली. कुंभाराची पोर ती, आवाज ऐकल्याशिवाय बोलणार नाही. खणखणीत वाजली.

"सगळी आहे गं," ती म्हणाली.

आम्ही इकडे सगळे ओरडलो. तिकडे दोन्ही पोरं दचकून रडायला लागली.

त्याच दिवशी सुनेने पानावरून जलदही काढून टाकलं. फक्त बस. गिऱ्हाइकं कुरकुरली. कोणाला थांबा लांब, कोणाला वेळ नाही. काहींनी मागवलेलं रद्द केलं. पण आमचा जीव भांड्यात पडला होता. मुलाने साडूला सांगितलं, थोडं थांबा, जमेलसं दिसतंय. भावजी म्हणाले, "बैल गेले, बस आली. बस म्हणजे मोठी गाडीच की." आणि नव्या उमेदीने बांधायला बसले.

आठवडा गेला आणि बसने गेलेल्या बरण्यांचे फोटो आले. फुटलेल्या.

सुनेने कॉम्प्युटर बंद केला आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्याशेजारी भाजी निवडायला बसली. निवडलेली भाजी देठांत टाकत होती आणि देठं भाजीत. मीही टोकलं नाही. मुलगा बाहेरून आला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "उद्या साडूंना हो सांगतो."

"सांग," ती म्हणाली.

शेडमध्ये भावजी बसलेले होते. त्यांना ऐकू गेलं असणार. त्यांचा हात चालायचा थांबला होता.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. माझे हात ओले, म्हणून फोन ओट्यावर ठेवून मोठ्याने लावला. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती आपली नेहमीसारखी सुरू झाली. याला सर्दी, त्याला सर्दी, दोघांची नाकं पुसून हात दुखले, कपडे वाळत नाहीत.

"आणि वर तुमचा पेंढा," ती म्हणाली.

"पेंढ्याने काय केलं तुझं?"

"टाकवेना म्हणून गच्चीवर वाळत घातला होता. शेजारीण येऊन म्हणते, बाई, तुम्ही गाय पाळणार आहात का?"

सुनेने मान वर केली. "वाळत का घातला, ताई?"

"ओला होता म्हणून. ती पहिली दोन खोकी नाही का? तळ असा झाला होता की बोट घातलं तर आत जाईल. बसचा मात्र छान कोरडा होता, तो तसाच कोपऱ्यात ठेवला."

"ओला कसा असेल?" सून म्हणाली.

"ओला असणारच," मी म्हटलं. "त्यात काय? पेंढा ओलाच करतात."

सून माझ्याकडे बघत राहिली. मला कळेना की मी काय असं बोलले.

आमच्यात माल गाडीत भरताना पेंढ्यावर पाणी शिंपडतात. कोरडा पेंढा कडक असतो, तुटतो, सरकतो. पाणी मारलं की मऊ पडतो आणि मडक्याला धरून बसतो. माझे सासरे करायचे, त्यांचे वडील करायचे. उघडी गाडी, वर ऊन, खाली वारा, बाजारात पोचेपर्यंत सगळं वाळून जायचं. शेडच्या दाराशी पाण्याची बादली मी रोज ओलांडून जात होते. भावजी त्यात हात बुडवून पेंढ्यावर झटकायचे ते रोज बघत होते. आमच्या घरात ते कोणाच्या नजरेत भरावं असं कामच नव्हतं. मुलगाही त्यातच वाढलेला. सून मात्र मास्तरांच्या घरातली, आणि तिच्या हातात खोकं यायचं ते चिकटपट्टी लावून, बंद होऊनच.

"आई," सून हळूच म्हणाली, "पुठ्ठा आहे तो. आत ओल कोंडली की मऊ पडणार. वर दहा खोकी रचली की बसणार खाली. आणि बरणी मधल्यामध्ये."

"मग उन्हाळ्यात कशी नाही फुटली?" मुलाने विचारलं.

"उन्हाळ्यात भरेपर्यंत वाळत असेल."

"आणि बसचं खोकं?"

"ते मी भरलं. ढिगातला वरचा पेंढा घेतला, तसाच."

फोनमधून लेक ओरडत होती, "काय झालं? कोणी सांगाल का मला?" पण आम्ही तिघं शेडच्या दाराकडे बघत होतो.

कुरिअरवाल्याने काही केलं नव्हतं, बसवाल्याने काही केलं नव्हतं. आता हे भावजींना सांगायचं कोणी?

"तू सांग," मुलगा बायकोला म्हणाला.

"मी? मी सून आहे. तुम्ही पुतणे आहात, तुमचं रक्ताचं आहे."

"म्हणूनच नको. आई, तू सांग."

"मी त्यांच्यासमोर इतकी वर्षं मान वर करून बोलले नाही," मी म्हटलं.

"काल तू त्यांना म्हणालीस, जेवायला या नाहीतर ताट मांजराला घालीन."

"ते जेवणाचं होतं. जेवणाचं वेगळं."

शेवटी तिघंही गेलो, एकमेकांच्या मागे लपत. भावजी पेंढ्याला टेकून बसले होते. मांडीवर बरणी होती, दोन्ही हात तिच्यावर. बादली शेजारीच.

ते आमच्या आधी बोलले. "तुम्ही जा पोरांनो शहरात. मला कळलंय."

"काय कळलं, मोठेबाबा?"

"माझा हात गेला." त्यांनी हात उलटा करून बघितला. "डोळे गेले, गुडघे गेले, आता हात. मी म्हटलं बांधणी सैल होत असेल, म्हणून पेंढा वाढवला, पाणी वाढवलं, चिंब करून बांधायला लागलो. तरी फुटतातच. तुम्ही कुरिअरवाल्याला शिव्या देता आणि मी इथे बसून ऐकतो. तुम्हाला सांगायची लाज वाटली."

सून एकदम त्यांच्यासमोर खाली बसली. "मोठेबाबा, पाणी वाढवलंत?"

"मग? दुप्पट."

तिने सगळं सांगितलं. पुठ्ठ्याचं, ओलीचं, लेकीच्या गच्चीवरच्या पेंढ्याचं. एकही शब्द आडून बोलली नाही. आता रागावतील, नाहीतर उठून जातील, नाहीतर जेवण सोडतील, असं वाटत होतं.

भावजी ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे पाण्याने?"

"पाण्याने."

"हाताने नाही?"

"हात चांगला आहे हो तुमचा. बांधणी एकही सैल नव्हती. ताईंनाच विचारा, सुटता सुटत नाही म्हणतात."

"एवढंच ना? पाणीच ना?" असं म्हणून त्यांनी पाय लांब केला आणि बादलीला अशी लाथ मारली की ती दारातून अंगणात घरंगळत गेली. पाणी माझ्या पायांवर. आणि मग ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "अरे गाढवांनो, मग आधी नाही सांगायचं? मी तर माझं सामान आवरायला काढलं होतं!"

"तुमचं सामान म्हणजे काय?" मी म्हटलं. "एक चष्मा, तोही सापडत नाही."

"बाई, आज तुम्ही बोला. आज तुम्हाला सगळं माफ."

मुलगा भिंतीला टेकून खाली बसला होता. मला वाटलं त्याला भोवळ आली. बघितलं तर तोही हसत होता, तोंडावर हात ठेवून, लहानपणी हसायचा तसा.

दुसऱ्या दिवशी पेंढा अंगणात उन्हात पसरला. भावजींनी कोरड्या पेंढ्यावर नवी बांधणी बसवली. कडक पेंढा हाताने चोळून चोळून मऊ करायचा, मग गुंडाळायचा. वेळ लागायचा, पण त्यांच्याकडे वेळच होता. सुनेने पानावर तिन्ही पर्याय परत ठेवले. तिचं म्हणणं, ज्याला घाई आहे त्याने घाई करावी, ज्याला बसथांब्यावर गप्पा मारायच्या आहेत त्याने तिथे जावं.

पहिली मोठी पाठवणी एका विश्रामगृहाची होती. त्यांना प्रत्येक खोलीत एक बरणी ठेवायची होती. त्यांनी निवडलं घरपोच साधं, जिथून आमचं सगळं बिनसलं होतं तेच. सून म्हणाली, जलदने पाठवू का आपल्याच खिशातून? भावजी म्हणाले, "साध्यानेच जाऊ दे. कळायचं ते एकदाच कळू दे."

कुरिअरवाला आला तेव्हा मुलाने त्याला चहा दिला. तो कप हातात घेऊन संशयाने बघत होता. "दादा, आज काय झालं?"

"काही नाही. लेकरं कशी आहेत तुझी?"

खोकी गेली. जो तो कामात. मी माती इतकी मळली की मुलगा म्हणाला, आई, आता तिला सोड, ती थकली.

विश्रामगृहाच्या बाईंचा फोन दुपारी आला. सुनेने फोन कानाला लावला आणि उभीच राहिली. "हो. हो. सगळ्या? परत एकदा बघता का, झाकणं काढून?" मग बराच वेळ ऐकत होती. फोन ठेवला आणि म्हणाली, "सगळ्या आहेत. आणि त्या विचारतायत की इतकं सुंदर बांधलं कोणी."

शेडमधून आवाज आला, "लिहून घे म्हणावं त्यांना!"

मुलगा त्याच पावली अंगणात गेला आणि साडूला फोन लावला. मी दारातून ऐकत होते. तो म्हणाला, "दादा, तुमचे उपकार फार आहेत, पण आम्ही नाही येत." साडू काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. मुलगा म्हणाला, "नाही, रागाने नाही. जमलंय." आणि फोन ठेवून तो चाकावर बसला. चाक फिरायला लागल्याचा आवाज आला तेव्हा मी भात टाकायला उठले. हात हलके वाटत होते.

त्यानंतर आमच्याकडे फुटल्याचा फोटो क्वचितच आला. येतो कधी, नाही असं नाही. माती आहे, पडली तर फुटणारच. सून दुसरी पाठवते आणि माणूस समजून घेतं.

थोरले भावजी त्यानंतर दोन वर्षांनी, थंडी संपता संपता, एका मंगळवारी सकाळी घरीच गेले. मुलगा, सून, नात आणि मी, चौघंही घरात होतो. शेवटचं पाणी त्यांना सुनेने दिलं.